पांढरी चार

डॉक्टर तांबोळींनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, झडप बिघडलेली नाही."

मी तर भांडायच्या तयारीनं आले होते. अडतिसाव्या वर्षी, चौदा वर्षांची मुलगी नि अकरा वर्षांचा मुलगा घरात असताना, मला आठवा आठवडा लागला होता. सहा वर्षांपूर्वी ह्याच केंद्रात माझ्या नवऱ्याला नसबंदीची झडप बसवली, दोनदा तपासणी करून 'निर्धोक' असा शिक्का मारून दिला. आता हे म्हणतात बिघडलेली नाही.

"मग हे काय?" मी पोटाकडे बोट केलं.

"ती उघडली गेलीय." डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "एकदा नाही. सव्वा वर्षात तीनदा उघडली, मधे दोनदा मिटली. शेवटची उघडली एकोणीस जानेवारीला. ती काल मी बंद करेपर्यंत उघडीच होती."

माझा नवरा, सोपान, तेव्हा बाहेर नव्हताच. आदल्या दिवशी त्याची तपासणी झाली होती आणि आज तो मृदंगाची नवी पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, आणायला सिन्नरला गेला होता. अहवाल दोघांपैकी कुणालाही देता येतो, तशी सहीच असते आमची. तो मला मिळाला. पुढे जे झालं ते त्यामुळे झालं.

ही झडप म्हणजे काय, ते सांगते. पूर्वी नसबंदी म्हणजे शुक्रवाहिनी कापायची नि टोकं बांधायची. शस्त्रक्रिया सोपी, पण तिचीही दुखणी होती. कुणाला रक्त साकळायचं, कुणाला गाठ यायची, शंभरातल्या एकदोघांना ठणका कायमचा मागे लागायचा. तपासणी स्वच्छ आल्यावरसुद्धा दोन हजारांत एखाद्याच्या नळीची कापलेली टोकं एकमेकांना शोधून जुळायची. शिवाय पुन्हा मूल हवं झालं तर जोडणी होईलच असं नाही. म्हणून ही झडप आली. तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्हीकडे एकेक, सुईनं आत सोडतात. तिला बॅटरी नाही. आत एक खाचांची चक्री असते. बाहेरून मांडीच्या सांध्याशी एक चकती धरायची, ती थरथरते, आणि त्या थरथरीनं चक्री एकेक खाच पुढे सरकते. पण कुठल्याही थरथरीनं नाही. सेकंदाला सत्त्याऐंशी कंपनं असा एकच स्वर तिला कळतो, आणि तोही एका ठरावीक लयीत आला तरच. अशी शहाण्णव आवर्तनं, एकही न चुकता, सलग पाच मिनिटं. मधे एक जरी ठोका इकडचा तिकडे झाला तर चक्री सरकन् मागे जाऊन पहिल्या खाचेवर बसते. उघडायची रीत हीच, मिटायचीही हीच. आणि शरीराच्या उबेवर चालणारं एक बारीक घड्याळ प्रत्येक वेळची तारीख टिपून ठेवतं.

"म्हणजे चकतीशिवाय उघडत नाही?" मी विचारलं.

"नाही. तुमची चकती कुठंय?"

"माझ्या कपाटात. लग्नाच्या शालूखाली."

डॉक्टरांनी 'बरं' म्हणून चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. पण चोरून मिळणाऱ्या चकत्यांच्या गोष्टी गावात कुणी ऐकल्या नव्हत्या असं नाही. मग त्यांनी पुढचं सांगितलं. मूल ठेवायचं की नाही हा निर्णय माझा. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी भागतं, पुढे वेगळा मार्ग. "येत्या मंगळवारपर्यंत कळवा. आणि झडप मिटली म्हणून लगेच भरवसा ठेवू नका. झडपेपुढच्या नळीत आधीचे शुक्राणू असतातच, तीन महिने जाऊ द्यावे लागतात."

कागद घडी घालून मी ब्लाउजमध्ये खुपसला. रिक्षात बसेपर्यंत मला फक्त राग आला होता. घरी आल्यावर भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली, आणि त्या रागाला नाव सापडलं.

आमच्या घरी भिंतीवर दिनदर्शिका असते ती पंचांगासाठी नाही, तर सोपानच्या कीर्तनांसाठी. तो आमच्या पट्ट्यातला मृदंगाचार्य. दिवसा दोन शाळांत मुलांना मृदंग शिकवतो, आणि सप्ताह लागले की गावोगाव साथीला जातो. प्रत्येक तारखेच्या चौकोनात गाव नि कीर्तनकाराचं नाव लिहिणं हा त्याचा नेम. मागच्या वर्षाची दिनदर्शिकाही तो फेकत नाही, चालू दिनदर्शिकेच्या मागे अडकवतो. मी कागद उलगडला आणि पाची तारखा चौकोनांशी लावून पाहिल्या.

खडकवाडी, कृपाताई. चिंचोली, कृपाताई. पुन्हा खडकवाडी, काल्याचं, कृपाताई. पाचही ठिकाणी तेच नाव. त्याच्या त्या सुंदर, गोलगोल अक्षरात.

ह.भ.प. कृपाताई सानप. वय बत्तीस, लग्न नाही. मूर्ती लहानखुरी, आवाज असा की मांडवाच्या शेवटच्या टोकाला निजलेलं लेकरूही जागं होऊन ऐकत राहील. मला तिचा दुस्वास असता तर सोपं गेलं असतं हो. मी तिची भक्त होते! तिचं कीर्तन तीन कोसांवर असलं तर डबा बांधून जायचे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या सप्ताहात मीच तिची खणानारळानं ओटी भरली होती. वाकून नमस्कारही केला होता, वयानं मोठी असून. "माउली, काय गोड गाता हो तुम्ही," असं म्हणाले होते.

तेव्हा मांडवात माझा नवरा मृदंगाच्या तोंडावरची कणीक खरवडत बसला होता. त्यानं मान वर करून पाहिलं होतं. कुणाकडे, ते आठवेना. आठवेना म्हणून मी चार दिवस आठवत राहिले.

मत्सर हा फार उद्योगी असतो, तो रिकामा बसत नाही. स्वयंपाक करता करता मी दोघांचं अख्खं वर्ष जुळवून टाकलं. तिच्या गावच्या सप्ताहाहून तो नवं उपरणं घेऊन आला होता. ते कुणी दिलं? एकदा चिंचोलीहून उशिरा आला, गाडीची बॅटरी संपली म्हणाला. खरंच संपली होती का? आणि मागच्या महिन्यात मृदंगासाठी कणीक मळून देताना तो म्हणाला होता, "मयूरी, आज थोडीच मळ. कृपाताईंना कमी लागते."

कृपाताईंना कमी लागते! बायकोकडून कणीक मळून घेऊन तिच्या दारात.

बाळाची बातमी त्याला होती. ऐकून तो आधी लाजला, मग हातातला तांब्या तसाच धरून म्हणाला, "देवाचं देणं आहे, मयूरी. पण तुझी तब्येत, तुझी नोकरी... तू म्हणशील तसं." हे तो निर्मळ मनानं म्हणाला होता असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटलं, ह्याच्या तोंडात देव फार लवकर येतो.

बुधवारी जेवताना मी सुरुवात केली.

"रविवारी निंबगावचं काल्याचं कीर्तन कुणाचं?"

"कृपाताईंचं." भाकरी मोडत तो म्हणाला.

"मग जेवण पोटभर करा. ताकद लागत असेल."

"ताकद कशाला? त्यांचं कीर्तन उलट सोपं. महाराज मंडळींसारखी हातघाई नाही."

"सोपं जातं वाटतं त्यांच्याबरोबर सगळं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय गं? पित्त झालंय का तुला?"

"मला काय व्हायचंय ते होऊन बसलंय."

गार्गी, आमची मुलगी, ताट घेऊन उठली आणि भावालाही कोपरानं ढोसून उठवलं. पोरींना कळतं. ह्या माणसाला मात्र काही कळलं नाही. त्यानं ओवा आणून दिला मला. चिमूटभर ओवा नि मीठ! मी तो ओटीवरून अंगणात भिरकावला आणि दार लावून घेतलं. शालूखालची चकती तपासली, तिच्यावर धूळ होती. म्हणजे दुसरी आहे, ती कुठं असेल? मी त्याचे सदरे हुंगले, मृदंगाची गवसणी उलटी करून झटकली. तिच्यातून सुकलेल्या कणकेचे तुकडे पडले.

ठरवलं, मंगळवारी गोळ्या घ्यायच्या, आणि पोरांच्या परीक्षा झाल्या की माहेरी निघून जायचं. दुसरीसाठी उघडलेल्या दारातून माझ्या घरात आलेलं हे लेकरू मी काय म्हणून वाढवू? त्या लेकराचा दोष नाही हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

मी शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक आहे. शुक्रवारी नववीचा ध्वनीचा प्रयोग होता. दोन सारखे नादकाटे, दोन लाकडी खोक्यांवर बसवायचे. एकाला रबरी हातोडी मारायची नि लगेच तो हातानं धरून गप्प करायचा. न मारलेला दुसरा आपोआप गुणगुणत असतो. ह्याला अनुनाद म्हणतात. दोघांचा स्वर एकच असेल तरच एक दुसऱ्याला हलवतो. बाई शिकवत होत्या, मी मागे उभी होते. एका पोरीनं विचारलं, "बाई, दुसरा काटा वेगळा असला तर?"

"तर कितीही जोरात वाजव, तो ढिम्म."

माझ्या हातातली हातोडी खाली पडली.

कणीक कमी लागते.

मृदंगाचं डावं तोंड असतं त्यावर ओली कणीक थापतात. कणीक जास्त तर आवाज खाली जातो, कमी तर वर चढतो. कीर्तनकाराचा जो स्वर असेल त्याच्याशी दोन्ही तोंडं मिळवावी लागतात. आमच्याकडचे बहुतेक महाराज काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. तिथं कणीक भरपूर लागते. कृपाताई बाईमाणूस, तिचा स्वर चढा. ती पांढरी चारमध्ये गाते.

बाई वर्गाबाहेर गेल्यावर मी स्वरांच्या कंपनांचा तक्ता काढला. पांढरी चार, खालचं सप्तक. सेकंदाला सत्त्याऐंशी कंपनं.

आणि मृदंग वाजवताना असतो कुठं? मांडीवर. डावं तोंड डाव्या मांडीशी, लाकूड थेट सांध्याला टेकलेलं. दोन-दोन तास.

मी तशीच केंद्रावर गेले. डॉक्टर तांबोळी डबा खात होते. ऐकून त्यांचा घास तोंडातच राहिला.

"मृदंग?"

"मृदंग."

"अहो ताई, ह्या झडपेची किती परीक्षा घेतलीय माहितीये? ट्रॅक्टरवर बसवून पाहिलं. बुलेटवर, पिठाच्या गिरणीत. डीजेच्या भिंतीपुढे नाचवलं माणसांना. एकदाही उघडली नाही. दहा हजारांत एक अपयश, तेही बसवताना चुकलं तर."

"डीजे एकच ठेका सलग पाच मिनिटं ठेवतो का? आणि मांडीवर घेतं का कुणी त्याला? त्या परीक्षा घेणाऱ्यांत एकजण तरी भजनाला बसणारा होता का?"

डॉक्टरांनी डबा बाजूला केला. चकतीची लय त्यांनी संगणकावर ऐकवली. टिक, टिक, मधे विसावा, टिक. मी टेबलावर बोटं मारत गेले आणि तिसऱ्या आवर्तनाला मला हसू आलं, नंतर रडू आलं. आठ मात्रांचा भजनी ठेका, दुसरं काही नाही. जन्मल्यापासून ऐकतेय. कुणा परदेशी माणसानं संगणकाला विचारलं असेल, निसर्गात सहसा न आढळणारी लय सांग. आमच्या गावात ती रोज संध्याकाळी आढळते.

"पण एक शंका राहते," डॉक्टर म्हणाले. "शहाण्णव आवर्तनं, एकही हलू न देता? माणसाच्या हाताला? तुमचे मालक इतके नेमके वाजवतात?"

"नाही," मी म्हणाले. कारण मला ठाऊक होतं. कुठलाही मृदंगवाला साधा ठेका मिनिटभरही साधा ठेवत नाही. मधे एखादी लग्गी, एखादा तुकडा टाकून लोकांची मान डोलवणं हा त्याचा मोह असतो. सोपानला तर फारच. मग हिच्याच कीर्तनात तो पाच-पाच मिनिटं सगळा मोह सोडून बसतो?

त्याची बेइमानी नाहीशी झाली होती म्हणा. मत्सर मात्र होता तिथंच होता, फक्त अंगावरचे कपडे बदलून बसला होता.

डॉक्टरांनी मला एक पट्टी दिली, कमरेला बांधायची. झडपेची स्थिती ती फोनवर दाखवते, बंद असली तर हिरवा ठिपका, उघडली तर तांबडा. सोपानला सांगितलं, तपासणी आहे, रविवारी बांधून वाजवा. त्यानं प्रश्नसुद्धा विचारला नाही. धोतराखाली बांधली नि निघाला. मी म्हटलं, मीही येते.

निंबगावचा मांडव दहा वाजताच भरला होता. मी बायकांत, अगदी पुढे बसले. फोन पदराखाली. कृपाताई उभी राहिली. पांढरं नऊवारी, गळ्यात वीणा, कपाळाला बुक्का. माझ्याकडे पाहून ओळखीचं हसली. मी हसले नाही.

तासभर निरूपण झालं. गौळणींच्या दह्यादुधाची कथा, मधे चिमटे, मधे हशा. सोपानही नेहमीसारखा. चांगलं वाजवत होता, दाखवतही होता. ठिपका हिरवा. मी दोघांवर पाळत ठेवून होते. ती कधी वळते, हा कधी बघतो. समेवर कीर्तनकार नि मृदंगवाला एकमेकांकडे बघतातच, ती रीतच आहे, ते मी मोजलं नाही. त्यापलीकडे एकही नजर नाही.

मग तिनं नाम धरलं. नुसतं रामकृष्णहरी. ना तान, ना चढउतार. टाळकऱ्यांनी उचललं, मांडवानं उचललं, आणि सोपाननं डोळे मिटले.

मी नवऱ्याचा चेहरा सोळा वर्षं पाहतेय. झोपेतला, तापातला, पोरं झाली तेव्हाचा, बाप गेला तेव्हाचा. हा पाहिला नव्हता. सगळं खाली ठेवून आलेल्या माणसाचा चेहरा होता तो. हात चालले होते पण ते त्याचे नव्हते. ठेका साधा, सरळ, दिव्याच्या ज्योतीसारखा एकाच जागी. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्याला शुद्ध नव्हती.

पदराखाली फोन थरथरला. ठिपका तांबडा झाला होता.

कृपाताई त्याच्याकडे पाहत नव्हती, तो तिच्याकडे पाहत नव्हता. दोघंही तिसऱ्याच कुणाकडे तरी पाहत होते. मी वळून व्यासपीठामागच्या त्या काळ्या मूर्तीकडे पाहिलं. कमरेवर हात ठेवून उभा! जसा काही ह्यात त्याचा काहीच हात नाही.

बाईशी भांडता येतं हो. ह्याच्याशी कशी भांडू? मी त्याच्याच नावानं टाळ्या वाजवत होते.

काला वाटताना कृपाताई स्वतः माझ्याजवळ आली. हातात लाह्या-दह्याचा द्रोण.

"वहिनी, आज रागात दिसता."

"नाही हो. ऊन लागलं."

"तुमच्या मालकांची तक्रार करायचीय तुमच्याकडे." ती माझ्या शेजारी बसकण मारून म्हणाली. "नाम आवरतं घ्यायचं असलं की मी त्यांना खुणा करते. बघतच नाहीत! परवा तर वीणेच्या टोकानं ढोसलं मी. आयोजक घड्याळ दाखवतात, माणसं उन्हात बसलीत, आणि ह्यांचे डोळे मिटलेले. असा साथीदार मला तरी दुसरा मिळाला नाही. मी त्यांना म्हटलं, हे कुठं शिकलात? तर म्हणाले, आमच्या घरी हिचा आवाज फार चांगला होता. तिच्या मागं वाजवून शिकलो."

द्रोण माझ्या हातात तसाच राहिला.

"होता, असं म्हणाले?"

"हो. का?"

"काही नाही," मी म्हणाले. "काला घ्या, तुम्ही घेतला नाहीत." आणि माझ्या द्रोणातला घास मी तिला भरवला. आता तो प्रेमानं की तिचं तोंड बंद करायला, माझं मलाच सांगता येणार नाही.

खरं आहे. माझा आवाज होता. लग्नाआधी आमच्या बायकांच्या भजनी मंडळात चाली मी लावायचे. हा साथीला यायचा, तसंच तर जमलं आमचं. मग गार्गी झाली, नोकरी लागली, सासूबाईंचं आजारपण झालं. मी गायचं कधी सोडलं ती तारीख कुठल्याच दिनदर्शिकेत नाही. आणि त्यानंही कधी विचारलं नाही, मयूरी, आताशा गात का नाहीस.

घरी आलो तेव्हा दुपार टळली होती. पोरं मामाकडे गेली होती. त्यानं मृदंग भिंतीशी ठेवला. मी ब्लाउजमधून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला, शेजारी फोन ठेवला, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. डॉक्टर, तारखा, दिनदर्शिका, नादकाटे, ठिपका.

तो कागद फार वेळ वाचत राहिला. त्याला हसू येईल असं मला वाटलं होतं.

"मंगळवारपासून तू मला तसा समजत होतीस?"

"हो."

"सदरे हुंगलेस?"

"गवसणीसुद्धा झटकली."

"आणि मी तुला ओवा दिला." तो म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "एकदा विचारायचंस, मयूरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. खरंच तसं वागणारा माणूसही नाहीच म्हणतो."

तो उठून ओटीवर जाऊन बसला. बऱ्याच वेळानं आत आला नि म्हणाला, "कृपाताईंची साथ सोडतो मी. उद्याच कळवतो."

पाहा, हेच तर मला हवं होतं. सहा दिवस हेच हवं होतं. आणि तो ते माझ्या पायाशी आणून ठेवत होता.

"नको," मी म्हणाले. "तुम्ही ओटीवर होतात तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, झडप काढून टाकू, जुन्या पद्धतीनं बांधून घ्या. नळी जुळायची असेल तर दोन हजारांत एखादी जुळेल, पण नामावर नाही उघडणार. अपयशाच्या तक्त्यात आता मृदंग मांडीवर घेणाऱ्यांची एक ओळ वाढतेय, सगळ्या केंद्रांना कळवतायत ते. तुम्ही खुशाल वाजवा. देवाच्या दारातून माणसाला उठवून आणायला मी काही एवढी मोठी लागून गेले नाही."

"मग रागावलीस कशाला अजून?"

"कारण मला कळलंय की असं वाजवता येतं तुम्हाला. पाच मिनिटं, स्वतःला विसरून. देवाला दिलंत, माझं काही म्हणणं नाही. पण माझी वाटणी कुठंय?"

तो स्वयंपाकघरात गेला. डब्याचं झाकण वाजलं, पाणी वाजलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा मृदंगाची कणीक त्यानं स्वतः मळली. वाईट मळली, पातळ झाली. मग मृदंग मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसला.

"म्हण."

"माझा स्वर कुठला?" मी विचारलं.

पट्ट्यातल्या पन्नास महाराजांचे स्वर ह्याला पाठ. माझा आठवेना.

"तुम्हीच शोधा," मी म्हणाले. "मी सांगायची नाही."

त्यानं कणीक थापली, थाप मारली, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. थोडी काढली. पुन्हा थाप. "ह्याहून खाली?" मी छताकडे पाहिलं. हातोडीनं उजव्या बाजूचे लाकडी गट्टे ठोकले, कान तोंडाला लावला, डोळे मिटले. कपाळावर घाम आला त्याच्या.

"मंगळवारचं काय ठरवलंयस?" मान वर न करता त्यानं विचारलं. थाप मारायला उचललेला हात तसाच हवेत राहिला होता.

"मंगळवारी जायचंय आपल्याला. दोघांना." मी म्हणाले. "तुमची बांधणी, नि माझं नाव घालायला, बाळंतपणाच्या वहीत. गोळ्या नकोत."

हात हळूच खाली आला. डाव्या तोंडातून एक गोल, ओला, भरलेला आवाज निघाला आणि माझ्या बरगड्यांच्या आत कुठंतरी तो तसाच घुमला. सोपानला तो कळला की नाही, ठाऊक नाही. त्यानं पुन्हा वाजवून पाहिलं, मग आशेनं माझ्याकडे पाहिलं.

"हाच ना?"

"नाही," मी म्हणाले.

तो पुन्हा कणकेकडे वळला. तोच होता. पण सोळा वर्षांनी शोधायला बसला होता, म्हटलं थोडा वेळ शोधू दे.